‘पाळत’चा वाक्यात उपयोग

वेलांटीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव शाळेच्या कारकुनाशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मुलांनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं, त्यावर अपील नाही. फळ्यावर कुणी ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घातला की बाईंचा चेहरा पोटात कळ आल्यासारखा व्हायचा, आणि ‘अरे दुसरी! दुसरी वेलांटी!’ म्हणत त्या खडू घेऊन धावायच्या. एवढंच एक त्यांचं धावणं. बाकी सगळ्या आयुष्यात बाई भिंतीच्या कडेकडेने चालत आल्या होत्या.

कारण बाई भित्र्या होत्या. हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही, त्या स्वतःही झाकत नसत. कुत्र्याला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भ्यायच्या. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत जायच्या आणि बघून खाली आल्यावर कुलूप नीट लागलंय ना, हे बघायला पुन्हा वर. शाळेच्या वाटेवर एक पोलीस चौकी होती. तिच्या पाटीवर रंगाऱ्याने ‘पोलीस चौकि’ असं लिहून ठेवलं होतं, पहिली वेलांटी. बाई रोज त्या पाटीखालून जायच्या, त्यांचा हात शिवशिवायचा, पण आत जाऊन सांगायची छाती कधी झाली नाही. पोलिसांना सांगायचं? आणि तेही व्याकरण?

अशा बाईंच्या वाट्याला दरवर्षी सातवीचा तो पाठ यायचा, हा योगायोग म्हणा नाहीतर मुख्याध्यापकांचा विनोद म्हणा. समाजाला उपद्रव देणाऱ्या वागण्याबद्दलचे शब्द. टवाळखोरी, दमदाटी, तोडफोड, धमकी, छळ, दहशत, पाळत. बाई फळ्यावर ‘दहशत’ असा शब्द सुरेख वळणदार अक्षरात लिहायच्या आणि मागच्या बाकावरून वही पडली तरी दचकायच्या.

पण शिकवायच्या मात्र झकास. त्यांची एक पद्धत होती. शब्द आला की वाक्यात उपयोग तोंडी करायचा, उभं राहून, आणि वाक्य खरं पाहिजे. आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं. गाईडमधलं वाक्य म्हटलं की बाई कानावर हात ठेवायच्या. त्यामुळे सातवीत मराठीच्या तासाला अख्ख्या वस्तीची खबर लागायची. ‘माझी ताई रिमोटसाठी मला दमदाटी करते.’ ‘वरच्या काकांनी रागाच्या भरात स्वतःच्याच कपाटाची तोडफोड केली, आता दार लागत नाही.’ वर्ग फुटायचा हसून. मग बाई हळूच विचारायच्या, खोडी आणि छळ यांत फरक काय? “खोडीत दोघंही हसतात,” बाई सांगायच्या, “त्या वेळी नाही तर नंतर तरी. छळात एकच हसतो.” हे असलं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मुलांच्या मात्र ते डोक्यात जाऊन बसायचं.

या पद्धतीचा बाईंना अभिमान होता. तीच एक दिवस त्यांच्या अंगावर उलटणार होती.

बाईंचं घर एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, थोरल्या बहिणीबरोबर. लग्न दोघींनीही केलं नाही. बाई म्हणायच्या, मला भीती वाटली. ताई म्हणायच्या, मला वेळ नव्हता. ताईंनी जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्सची नोकरी केली होती, त्यामुळे त्यांना रक्ताची, आरडाओरड्याची किंवा डॉक्टरांची, कशाचीच भीती राहिली नव्हती. राहिले होते फक्त दुखरे गुडघे.

इमारतीच्या जिन्याखाली चावीवाल्याची टपरी. कपाटाएवढी जागा. भिंतीवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, पुढ्यात एक फळी, फळीवर चावी घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा, आणि दिवसभर कानस घासल्याचा करकर आवाज. ताई म्हणायच्या, या आवाजाने माझे दात झिजले. पण एकदा ताईंनीच किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं, तेव्हा हाच माणूस वर आला, कुलपाला कान लावून बसला, आणि चहाला आधण येईल इतक्या वेळात दार उघडून मोकळा झाला. “कुलूप बोलतं हो बाई,” म्हणाला, “फक्त बोटांनी ऐकावं लागतं.” तेव्हापासून बाई जाता-येता त्याच्याशी दोन शब्द बोलायच्या. दाराकडे परत फिरणाऱ्या बाईंना तो खालूनच ओरडून सांगायचा, “लागलंय कुलूप! मी आवाज ऐकला! जा तुम्ही शाळेत!”

त्या संध्याकाळी ताई गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेल्या होत्या. बाई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होत्या. अजून चांगला उजेड होता. खाली टपरीपुढे तीन तरुण उभे होते. त्यातल्या एकाच्या हातात अंगाचा साबण होता, आणि साबणावर किल्लीचा ठसा उमटवलेला.

“याची चावी बनव,” तो म्हणाला.

“कुलूप दाखव, बनवतो,” चावीवाला म्हणाला. “साबणाची चावी मी बनवत नाही.”

“तू बनवतोस की नाही?”

“कुलूप आण. मग बोलू.”

पुढे जे झालं त्यात आरडाओरडा फारसा झाला नाही. दोघांनी चावीवाल्याला धरलं. साबणवाल्याने त्याचा उजवा हात ओढून त्या शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला, पाण्याचा नळ बंद करावा इतक्या सहज. चावीवाल्याच्या तोंडातून आवाज फुटायच्या आत एकाने त्याचं तोंड दाबलं. बाईंच्या हातात निळ्या फुलांची ओली चादर होती. ओरडावं असं त्यांना वाटलं, आणि घशातून वाराही बाहेर आला नाही.

साबणवाल्याने वर पाहिलं. बाईंनी त्याला ओळखलं. त्यांचाच विद्यार्थी, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. आणि आता त्याची धाकटी बहीण त्यांच्या सातवीत पहिल्या बाकावर बसत होती. बोलायला लागली की आवाज इतका बारीक, की वर्ग तिला चिमणी म्हणायचा.

“बाई,” तो खालून अगदी अदबीने म्हणाला, “चादर वाळली नसेल अजून. राहू द्या.”

बाई आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून राहिल्या. चादर मांडीवर तशीच, साडी भिजली तरी कळलं नाही. हवालदार दारोदार विचारत आला तेव्हा इमारतीतल्या एकेकाने सांगितलं, काही पाहिलं नाही. बाईंचीही पाळी आली.

“मी आत होते,” बाई म्हणाल्या. “मिक्सर चालू होता.”

हवालदाराने मान डोलावली. तो साबणवाला पोरगा सांगत होता की काम करताना याचा हात अडकला, आम्ही तर सोडवायला गेलो. चावीवाला एकटाच उलटं सांगत होता. पाहणारं कुणी नसेल तर एकाचं ऐकायचं की तिघांचं?

आता या पोराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सातवीत असताना ‘धाक’ शब्दाला त्याने वाक्य दिलं होतं: ‘बाईंना सगळ्यांचा धाक वाटतो, फक्त आम्हांला बाईंचा वाटत नाही.’ वर्ग गडगडाटी हसला होता. बाईही हसल्या होत्या. वाक्य खरं होतं, शब्द चपखल होता, शाबासकी देऊन मोकळ्या झाल्या. हुशार पोरगा, असं शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगितलंही. थोडक्यात काय, बाई किती भितात हे त्याला बाईंनीच तोंडी परीक्षेत पास करून शिकवलं होतं.

ती घटना होऊन आठवडा उलटला असेल. सातवीत तोच पाठ चालू होता आणि फळ्यावर ‘पाळत’ लिहिलेला होता. अर्थ अजून सांगायचा होता. बाईंची रीत अशी, की आधी मुलांना अंदाज करू द्यायचा. चिमणीने हात वर केला. ती सहसा करत नसे, म्हणून बाईंना बरं वाटलं.

चिमणी उभी राहिली, हात मागे बांधून म्हणाली, “माझा दादा आमच्या बाईंच्या घरावर पाळत ठेवतो.”

बाईंच्या हातातला खडू मोडला. वर्गाला वाटलं, नेहमीसारखा मोडला.

“हे... हे वाक्य कुणी सांगितलं तुला?”

“दादाने,” चिमणी खुशीत म्हणाली. “तो म्हणाला, बाईंना खरी वाक्यं आवडतात ना, मग हे सांग. अगदी खरं आहे म्हणाला. तो रोज संध्याकाळी तुमच्या घरासमोरच असतो, बाई.”

“आणि पाळत म्हणजे काय गं?” मागून कुणीतरी विचारलं.

“पाळणं म्हणजे सांभाळणं,” चिमणी म्हणाली. “आपण मांजर पाळतो, बाळाला पाळण्यात ठेवतो. म्हणजे पाळत ठेवणं म्हणजे नीट सांभाळणं, कुणी त्रास देऊ नये म्हणून. हो ना, बाई?”

पोरीने किती सुंदर विचार केला होता! शब्द फोडला, त्याच्या पोटात शिरली, नात्यागोत्यातले शब्द गोळा केले. बाईंनी जे जन्मभर शिकवलं, तेच केलं तिने. फक्त या एका शब्दाने तिला दगा दिला. आणि त्या दग्यावर स्वार होऊन तिच्या भावाने भर वर्गात, सगळ्या मुलांसमोर, बाईंच्या गळ्याला सुरी लावली होती.

आता सांगावं काय? नाही गं, पाळत म्हणजे सांभाळणं नव्हे, असं म्हटलं की दुसरा प्रश्न आलाच. मग दादा काय करतो?

“छान,” बाई म्हणाल्या. “बस खाली.”

आणि फळा पुसून टाकला.

त्या संध्याकाळी त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तो समोर होताच. मोटरसायकल उभी करून तिच्यावर आडवा बसलेला, शेंगांची टरफलं टाकावीत तशा फावल्या वेळातल्या नजरा वर टाकत. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशी बाई भाजी घेऊन आल्या तर तो पुढे आला. “बाई, पिशवी द्या, वर आणून देतो.” बाईंनी पिशवी छातीशी धरली. “नको रे. हलकी आहे.” पिशवी जड होती, हात तुटायची वेळ आली होती, पण त्या जिना असा चढल्या जसा तरुणपणीही चढल्या नव्हत्या. टपरीला कुलूप होतं. कानशीचा तो करकर आवाज बंद होऊन इमारत अशी मुकी झाली होती, की जिन्यावरचं आपलं पाऊल आपल्यालाच मोठं वाजायचं. दाराला कुलूप लागलं की नाही, हे खालून सांगणारं आता कुणी नव्हतं.

बाईंचं जेवण तुटलं. गॅलरीचं दार बंद झालं, कपडे घरातच दोरी बांधून वाळू लागले आणि ताई ओल्या वासावरून कुरकुर करू लागल्या.

“काय झालंय तुला?” ताई विचारायच्या.

“कुठे काय.”

“मी नर्स आहे. ‘कुठे काय’ म्हणणारे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. त्यांनाच आधी आत घ्यावं लागायचं.”

मग एक दिवस चावीवाल्याची बायको आली. दारातच उभी राहिली, ताईंनी हात धरून आत आणलं आणि पलंगावर बसवलं. तिने पाण्याचा पेला हातात घेतला, प्यायली नाही.

“दोन बोटं आता वळणार नाहीत म्हणतात डॉक्टर,” ती म्हणाली. “कानस धरता येत नाही. कालपासून डाव्या हाताने शिकतायत, लहान मुलासारखं. बाई, ते म्हणतात, त्या वेळी वर गॅलरीत कुणीतरी होतं. माणूस नाही दिसलं त्यांना, चादर दिसली. निळ्या फुलांची.”

बोलता बोलता तिने हात टेकला तो पलंगावर, आणि पलंगावर निळ्या फुलांची चादर होती.

ताईंनी चादरीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“अशा चादरी,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला, “सगळ्यांकडे असतात.”

चावीवाल्याची बायको चादरीकडे बघत राहिली. मग तिने एका फुलावरून हळूच बोट फिरवलं, सुरकुती काढल्यासारखं. “असतील,” म्हणाली. “असतात खऱ्या.” पेला खाली ठेवला आणि गेली. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बाईंना सोसलं असतं. ते ‘असतील’ मात्र सोसवेना.

दार लागल्यावर ताई म्हणाल्या, “होतीस ना तू गॅलरीत?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

“हं.” ताई गुडघा चोळत बसल्या. “मी तुला भित्री म्हणणार नाही, ते तू आहेसच. मलाही खालचा तो मोटरसायकलवरचा बैल दिसतो रोज. पण एक सांगते. तू आत होतीस म्हणालीस ना, तेव्हापासून तू आतच आहेस. बाहेर आलीच नाहीस.”

बाई रडल्या. भीती वाटते म्हणून रडल्या, लाज वाटते म्हणून रडल्या, आणि एवढं रडून भीती तसूभरही कमी झाली नाही म्हणून आणखी थोडं.

तरीही त्या चौकीत गेल्या नसत्या. खरं सांगायचं तर भीतीपुढे लाज फार दिवस टिकत नाही; सवय होते. बाईंनाही झाली असती. पण सातवीने घोळ घातला.

पाठाची उजळणी चालली होती. बाई एकेक शब्द विचारत होत्या आणि मुलं धडाधड उभी राहत होती. ‘पाळत’ हा शब्द बाईंनी मुद्दाम गाळला. पण मुलांना तो आवडला होता, नवा होता ना! एकजण उठून म्हणाला, “माझी आई बाळावर पाळत ठेवते.” दुसरी म्हणाली, “शाळेचे माळीकाका झाडांवर पाळत ठेवतात, म्हणून ती मरत नाहीत.” तिसऱ्याने तर कमाल केली. “बाई, मी एकटा घरी असलो ना, तर मला वाटतं, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवावी. म्हणजे भीती वाटणार नाही.”

बाई खुर्चीला धरून उभ्या होत्या. सबंध वर्ग. बरोबर लिहिणारी, चुकीचं लिहिणारी, सगळी पोरं तो शब्द उलटा पाठ करून बसली होती, बाईंच्या एका ‘छान’मुळे. उद्या यातल्या एखाद्या मुलीच्या मागे कुणी लागला आणि शेजारणीने सांगितलं, अगं तो तुझ्यावर पाळत ठेवून आहे, तर ही पोर निर्धास्त होऊन झोपी जाईल. वेलांटी चुकली असती तर बाईंनी वर्ग डोक्यावर घेतला असता. इथे सगळा अर्थच चुकला होता, आणि त्या गप्प होत्या. त्यांना घाम फुटला. तो भीतीचाच होता, पण या वेळी स्वतःसाठी नव्हता.

त्यांनी खडू उचलला. फळ्यावर शेजारी शेजारी दोन शब्द लिहिले. राखण. पाळत. अक्षर वेडंवाकडं आलं.

“मुलांनो,” बाई म्हणाल्या, “मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट बरोबर म्हणून दिली. आता पुसून नवीन लिहा. आईची असते ती राखण. माळीकाकांची राखण. पाळत वेगळी.”

“पण दोन्हींत माणूस बघतच बसतो ना, बाई?” तो तिसरा म्हणाला.

“बघतच बसतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.” बाईंनी कोरडे ओठ ओले केले. “म्हणून बाहेरून ओळखायचं नाही. ज्याच्याकडे बघतात, त्याला विचारायचं. राखण असली की त्याला झोप लागते. पाळत असली की त्याची झोप उडते.”

मुलं पेन्सिली चालवू लागली. पहिल्या बाकावरची चिमणी लिहीत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती, मग बाईंकडे बघू लागली. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, बिनइस्त्रीची साडी, थरथरणारा खडू, सगळं एकेक करून बघितल्यासारखं. मग ती उभी राहिली.

“बाई, तुम्हाला झोप लागते?”

नाही म्हणावं तर पोरीचा भाऊ तिच्यापासून हिरावून घेतल्यासारखं होतं. हो म्हणावं तर आत्ताच फळ्यावर लिहिलेलं खोटं पडत होतं. बाईंनी टेबलाची कड धरली.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “नाही लागत.”

चिमणी तशीच उभी राहिली. मग त्या बारीक आवाजात ती म्हणाली, “म्हणजे माझं वाक्य बरोबर होतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “वाक्य बरोबर होतं. अर्थ तुला ठाऊक नव्हता. त्यात तुझी चूक नाही.”

शाळा सुटली. फाटकाबाहेर मोटरसायकल उभी होती. बहिणीला न्यायला तो अधूनमधून यायचा. बाईंनी ती पाहिली. मागच्या फाटकाने जाता आलं असतं. त्या मागच्या फाटकाकडे वळल्याही. पण घराची वाट पुढच्या फाटकातून, आणि चौकीची वाटही.

“काय बाई,” तो हसून म्हणाला, “वाक्य आवडलं का?”

“आवडलं.” बाईंचे दात एकमेकांवर वाजत होते. “आज अर्थही सांगितला.”

त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. “बस गं,” तो बहिणीला म्हणाला. चिमणी बसली नाही. दप्तर पाठीवर वर ओढून घेतलं, “मी चालत येते,” म्हणाली, आणि बाईंच्या मागे येऊन उभी राहिली.

बाई चालू लागल्या. घराच्या वळणावर वळल्या नाहीत, सरळ गेल्या. मागून मोटरसायकलचा आवाज, फटफट, हळू, माणसाच्या चालीने. मागे वळून बघायचा धीर नव्हता, पण दुकानांच्या काचांत सगळं दिसत होतं. पुढे आपण, मागे मोटरसायकल, आणि दोन्हींच्या मधोमध रस्त्यावर, दप्तराने वाकलेली चिमणी. त्याने वेग वाढवला की ती मधे सरकायची. तो डावीकडे घ्यायचा, ती डावीकडे. तो बाजूने काढू पाहायचा, ती उजवीकडे. बाईंना वाटलं, आत्ता तो तिला ढकलेल, आत्ता आपल्याला उडवेल, आत्ता. घरी पळावं, लपावं, पुन्हा मिक्सर लावावा, असं पावलागणिक वाटलं. कुणी तिऱ्हाइताने पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय निवांत चाललेत तिघं.

चौकीच्या कोपऱ्यावर मोटरसायकल थांबली. आवाज थांबला नाही.

बाई वाकल्या. “आता तू घरी जा. सरळ आईकडे. वाटेत कुठे थांबू नकोस.”

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बाईंपेक्षा कमी घाबरलेली नव्हती.

“बाई,” तिने विचारलं, “ही राखण ना?”

“हो,” बाई म्हणाल्या. “ही राखण.”

ती गेली. बाई त्या पाटीखालून आत शिरल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत तोच हवालदार बसला होता, दारोदार हिंडलेला. त्याने वर पाहिलं. “बोला बाई. काय काम?”

बाईंनी तोंड उघडलं. वाटभर पाठ करत आणलेलं सगळं नाहीसं झालं होतं. बाहेर ते इंजिन फटफटतच होतं. न भिता बोलता येईल असं एखादंच वाक्य त्या शोधत राहिल्या, आणि शेवटी त्यांना सापडलं.

“तुमच्या पाटीवर ‘चौकी’ला पहिली वेलांटी दिलीय,” त्या म्हणाल्या. “ती दुसरी पाहिजे.”

हवालदार बघतच राहिला.

“आणि त्या संध्याकाळी मी आत नव्हते,” बाई म्हणाल्या. “गॅलरीत होते.”